बँकेत ठेव ठेवा

माझ्या भावजयीला कुणीही पैशाबद्दल काहीही विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: "बँकेत ठेव ठेवा." विचारणारा शेजारचा डॉक्टर असो, इमारतीचा वॉचमन असो, नाहीतर तिचा सख्खा बाप. बापालाही तिने हेच सांगितलं. "एवढं शिकवलं ते हे ऐकायला?" असं तो बिचारा म्हणाला.

शिक्षकांच्या पेन्शन फंडात ती गुंतवणुकीची मुख्य अधिकारी. म्हणजे शाळा-कॉलेजांतल्या लाखभर मास्तरांच्या पगारातून कापून घेतलेला पैसा कुठे लावायचा आणि कुठून काढायचा, हे शेवटी तिच्या सहीने ठरतं. त्या लाखभरात एक मी. कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झाले, नवरा गेला, आणि धाकट्या दोघा भावांपैकी मोठ्याकडे राहायला आले. तो दातांचा डॉक्टर, ही त्याची बायको. दुसरा, सगळ्यांत धाकटा, त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आमचे वडील म्हणायचे, एक पोरगा लोकांच्या तोंडात बघतो, दुसरा डोळ्यांत, आणि पोरगी नकाशात. घरात काय चाललंय ते बघायला कुणी नाही.

तिच्यावर लिहायचं माझ्या बरेच दिवस मनात होतं. फंडाच्या स्मरणिकेत तिच्याबद्दल पान-दीड पान आलेलं आहे, "कर्तबगार", "धीरोदात्त" वगैरे. वाचून मला जांभई आली. धीरोदात्त म्हणे! दिवसभर गप्प बसायचा पगार घेणाऱ्या बाईला धीरोदात्त म्हणणं सोपं आहे. तिच्याबरोबर एका टेबलावर जेवून बघा.

ती संख्याशास्त्र शिकून फंडात लागली तेव्हा तिथे बाया होत्या त्या टायपिंगला आणि टेलिफोनवर. हिला कंपन्यांचे ताळेबंद वाचायला बसवलं. कंपन्या बघायला साहेब लोक जायचे, कारखान्यात हार घालून घ्यायचे, जेवायचे, परत यायचे. एकदा हिला बरोबर नेलं. मालक नवं यंत्र कौतुकाने दाखवत होता, दिवसाला अमुक नग, तमुक नग. ही यंत्राच्या मागच्या बाजूला गेली. तिथे कोळ्याने जाळं विणलेलं. चालत्या यंत्रावर कोळी संसार थाटत नाही. परत येऊन हिने "नको" लिहिलं, साहेबांनी "हो" लिहिलं, आणि दोन वर्षांत तो कारखाना आडवा झाला. ही गोष्ट तिने स्वतः सांगितलेली. बुडून गेलेल्या कंपन्यांबद्दल ती मोकळेपणाने बोलते, अगदी हसून हसून. जिवंत कंपनीबद्दल चकार शब्द नाही.

मग एक वाईट साल आलं. बाजार कोसळला, फंडाला मोठा फटका बसला, मुख्य साहेब तब्येतीचं कारण सांगून घरी गेले. त्या खुर्चीत बसायला एकही पुरुष तयार होईना, तेव्हा सगळ्यांना एकदम बाईच्या गुणांची आठवण झाली. हे मी सगळीकडे पाहिलंय. जहाज बुडायला लागलं की बाईला कप्तान करतात. वाचलं तर जहाज मजबूत होतं, बुडालं तर बाई होती ना!

जहाज वाचलं. ती मात्र अडकली.

त्या दिवसापासून घरावर नियम आले. तिने शेअर घ्यायचे नाहीत, नवऱ्याने घ्यायचे नाहीत, असतील ते कार्यालयाला कळवायचे. माझ्या भावाकडे वडिलांनी ठेवलेले एका पंख्याच्या कंपनीचे थोडे शेअर होते. ते त्याला विकावे लागले. पुढे त्यांचा भाव दसपट झाला. तेव्हापासून घरातला पंखा लावला की तो म्हणतो, "लाव लाव, वारा तरी खाऊ दे."

तिचं दालन मी एकदाच पाहिलंय, पेन्शनच्या कामासाठी गेले होते तेव्हा, तेही काचेबाहेरून. आत शिरताना प्रत्येकाने आपला मोबाइल भिंतीवरच्या लाकडी खणात ठेवून जायचा. खिडक्या उघडत नाहीत. टेबलावरच्या फोनवर जे बोलाल ते टेप होतं आणि कितीतरी वर्षं जपून ठेवतात. माझा भाऊ तिला त्याच फोनवर "येताना दूध आण" म्हणून सांगायचा. आमच्या घरचं दूध, कोथिंबीर आणि गळका नळ असं सगळं सरकारी तपासणीसाठी तिथे ठेवलेलं आहे. कुणी ऐकलंच तर म्हणेल, काय हे कंगाल लोक.

त्या काचेमागे ती चेहरा बंद करून बसायची. दुकानाचं शटर ओढावं तसा. कारण तिच्या भुवया वर गेल्या तरी समोरचा दलाल त्याचा अर्थ लावतो, आणि अर्थ लावून कमावतो. संध्याकाळी घरी यायची तेव्हा शटर वर जायला हवं की नाही? सुरुवातीला जायचं. मग अर्धं जायला लागलं. मग गंजलं असावं. माझा भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "आयुष्यभर लोकांची तोंडं उघडली, ताई, पण हिचं काही उघडत नाही." धाकट्याने तिचं नावच 'भिंत' पाडलं होतं. "भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला कान आहेत, तोंडच नाही." तिच्यादेखतच म्हणायचा, आणि तीही हसायची. दिरा-भावजयीचं फार गूळपीठ. तिच्या डोळ्यांचा नंबर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी काढलेला तिला चालत नसे.

गप्प राहणारी बाई नातेवाइकांना पुस्तकासारखी वाटते. जो तो आपल्याला हवं ते वाचतो. तिने एखाद्या बँकेत खातं उघडलं की चार चुलत नणंदा तिथे रांगेत. ती कुणाच्या लग्नात लवकर उठली तर "बाजार पडणार वाटतं." तिला बिचारीला कंबरदुखी होती. यातून सुटायला तिने ते एक वाक्य धरलं, "बँकेत ठेव ठेवा." सगळ्यांना सारखं, कायम तेच. त्यातून कुणालाही काही कळू नये म्हणूनच ते होतं, आणि कुणाला काही कळतही नव्हतं.

मला मात्र थोडं कळायचं. त्यांच्या फंडात एक पद्धत आहे. एखाद्या कंपनीबद्दल घ्यायचं-विकायचं चाललं असेल, तर काम संपेपर्यंत त्या कंपनीचं नाव दालनाबाहेर उच्चारायचं नाही. जिन्यात नाही, घरी नाही, झोपेतही नाही. एरवी ती म्हणायची, "छे हो, त्या सिमेंटवाल्यांत कशाला, बँकेत ठेव ठेवा." कधीकधी मात्र नुसतंच, "बँकेत ठेव ठेवा." कंपनीचं नाव गायब. असं झालं, की पुढे महिना-दोन महिन्यांत त्या कंपनीची पेपरात काहीतरी बातमी यायचीच. चांगली की वाईट, ते मला आधी कधी कळलं नाही, पण काहीतरी. मी शिकवलेल्या पोरांच्या चेहऱ्यावरून कुणी कॉपी केली ते ओळखत आले, मला एवढं दिसणारच. मी हे कुणाला बोलले नाही. मलाही पोट आहे आणि त्यात गोष्टी राहतात.

त्या रविवारी दुपारी धाकटा आला तो खुशीत. दुकान विकलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला, मुलगी दूरदेशी, दुकान कोण बघणार? आलेला सगळा पैसा एका घरकर्जवाल्या कंपनीच्या रोख्यांत घालायचं त्याने ठरवलं होतं. रोखे म्हणजे आपण कंपनीला दिलेलं कर्ज. ती वर्षाकाठी व्याज देते आणि शेवटी मुद्दल. बँकेपेक्षा व्याज पुष्कळ जास्त. धाकट्याला पेन्शन नाही, काही नाही. हेच त्याचं म्हातारपण.

"सगळा?" मी विचारलं.

"सगळा. एका दगडात सगळे पक्षी. नवराबायकोला आयुष्यभर पुरेल." मग तो तिच्याकडे वळला. "काय वहिनी? भिंतीचं काय म्हणणं?"

ती कप गोळा करत होती. "बँकेत ठेव ठेवा, भाऊजी."

सगळे खो खो हसले. तो सर्वांत जास्त. "हे तुम्ही माझ्या साखरपुड्यातही सांगितलं होतं! अहो, कंपनीत खोट असेल तर सांगा."

"बँकेत ठेव ठेवा," ती परत म्हणाली, आणि ट्रे घेऊन आत गेली.

कंपनीचं नाव नाही. एकदाही नाही. तो दहा वेळा घेत होता, ती एकदाही नाही. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"अगं, काही आहे का त्या कंपनीत?"

"वन्सं, साखर संपली का बघता?"

"मी साखरेचं विचारत नाहीये."

"मी साखरेचंच बोलतेय." तिने नळ सोडला. चार कप होते, ते ती धूत राहिली, धूत राहिली. पाठ माझ्याकडे. मी बराच वेळ उभी राहिले. ती वळली नाही.

बाहेर धाकटा भावाला सांगत होता, "बघितलंस? काही असतं तर वहिनी बोलल्या असत्या. रक्ताचं नसलं तरी घरचं माणूस आहे. गप्प बसल्या म्हणजे रान मोकळं."

मी काही भिंत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून धाकट्याच्या घरी गेले. तो जिन्याजवळ चपला घालून तयार, दलालाकडे निघालेला.

"घेऊ नकोस ते रोखे," मी म्हटलं.

तो थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, नजर तपासल्यासारखं. "वहिनींनी सांगितलं?"

आता आली का पंचाईत! हो म्हणावं, तर खोटं. आणि उद्या ते बाहेर गेलं तर तिची नोकरी तर जाणारच, वर कोठडी. नाही म्हणावं, तर माझ्या बोलण्याला किंमत काय?

"नाही. मला वाटतं."

"तुला वाटतं." त्याचा चेहरा सैल झाला. "ताई, तू भूगोल शिकवलास ना? मग आज पाऊस येईल का तेवढं सांग, छत्री घेतो."

"फाजीलपणा पुरे. निम्मे तरी बँकेत ठेव."

"तूही तेच? तुम्हा दोघींना एकाच कंपनीने बनवलंय का?" त्याची बायको दारातून म्हणाली, "वन्सं, या ना आत, चहा टाकते." तो जिना उतरून गेलासुद्धा, एकेक पायरी, दुखऱ्या गुडघ्यांनी, शीळ घालत.

संध्याकाळी भावजय आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, मी गेले होते. ती पर्स हातात धरून तशीच उभी राहिली. शटर धाडकन खाली.

"माझं नाव घेतलंत?"

"नाही."

"त्यांनी विचारलं?"

"विचारलं. मी नाही म्हणाले."

"मग ठीक आहे."

"ठीक काय डोंबल! तो घेऊन मोकळा झाला असेल."

"वन्सं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता, "माझ्याशी हे बोलू नका. तुम्ही बोललात तरी मला ऐकता येत नाही. मी हो म्हटलं तरी सांगितल्यासारखं होतं, नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखं होतं. मी रडले तरी."

ती रडली नाही. खोलीत जाऊन कपडे बदलून आली आणि पोळ्या लाटायला लागली. त्या सगळ्या वाकड्या झाल्या. माझ्या भावाने त्यावर विनोद केला. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

पुढची वर्षभराची कथा पेपरात छापून आलेली आहे, मी कशाला लांबण लावू? घरकर्जवाल्या कंपनीने आधी व्याज थकवलं, मग कार्यालयाला टाळं लावलं. लोकांचे पैसे आत. कोर्टकचेऱ्या सुरू. आणि एका सकाळी पेपरात आमच्या भावजयीचा फोटो. 'शिक्षकांचा फंड वेळीच बाहेर पडला.' आदल्या वर्षी फंडाकडे त्या कंपनीचे रोखे होते, ते हिने सहा आठवड्यांत गाजावाजा न होऊ देता सगळे विकून टाकले होते. कोणते सहा आठवडे, तेही छापलेलं. दूरदृष्टी म्हणे, लाखो पेन्शनरांचे आशीर्वाद म्हणे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोनवर फोन. "तुमच्या भावजयीने आम्हाला वाचवलं हो!"

तो पेपर धाकट्याकडेही येतो.

तो संध्याकाळी आला. बसला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिला. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाला, "अभिनंदन, वहिनी."

ती उभीच होती.

"तुम्ही विकत होतात त्याच आठवड्यांत मी घेत होतो. दलालाने मला दिले ते तुमचेच असतील. निदान घरातल्या घरात राहिले." तो हसला. ते हसणं मला बघवेना.

"भाऊजी, मला बोलता येत नव्हतं."

"आता येतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्या रोख्यांची सरकारी चौकशी बसलेली होती, कुणी कधी विकलं, कुणाला आधी माहीत होतं. पुन्हा तिथे जाऊन शपथेवर सांगायचं होतं की मी घरात, बाहेर, कुणाशी एक अक्षर बोलले नाही.

"नाही," ती म्हणाली. "आताही नाही."

"बरं." तो उठला. "नंबर वाढलाय तुमचा. बारीक डोळे करून बघताय. दुसऱ्या कुणाकडे दाखवा." आणि गेला. तेव्हापासून त्याने या घरात पाऊल ठेवलेलं नाही. ती अजून तोच जुना चष्मा वापरते. डोकं दुखतं, गोळी घेते.

तुम्ही म्हणाल, तिने विक्री थांबवायची होती, किंवा दिराला खुणेने तरी सांगायचं होतं. मीही म्हणाले असते. पण मी पेन्शनवाली आहे. लाख मास्तरांचा पैसा एका दिरासाठी बुडू द्यायचा का? आणि दिराला कानात सांगायचं, तर त्या दलालाकडे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या चष्मेवाल्याने काय घोडं मारलं होतं? डोक्याला पटतं. घशाखाली उतरत नाही, एवढंच.

माझा भाऊ साधा माणूस. तो म्हणाला, "तू रिटायर होशील तेव्हा जे मिळेल त्यातून त्याला देऊन टाकू."

"दिले तर कळवावे लागतील," ती म्हणाली. "का दिले विचारतील. तुमच्या मते मी काय सांगू? भरपाई? कशाची?" म्हणजे उपकार करायची वाटसुद्धा बंद. बापाचे पंख्याचे शेअर गेले तेव्हा माझा भाऊ चिडला नव्हता, त्या दिवशी चिडला. दारं आपटून दवाखान्यात जाऊन बसला, पेशंट नसताना.

रिटायर व्हायला तिचे थोडेच महिने उरले होते. कॅलेंडरवर खूण नव्हती, पण मला माहीत आहे, ती वाट बघत होती. सुटल्यावर नियमाप्रमाणे आणखी काही काळ तोंड बंद, आणि मग मोकळी. मग धाकट्याकडे जाऊन जे सांगायचं ते सांगेन, असं तिच्या मनात असावं. इतक्यात फंडाचे अध्यक्ष घरी आले, पुष्पगुच्छ घेऊन. त्यांच्याबरोबर पेन्शनर संघटनेचे चार म्हातारे, त्यातले दोन माझ्याच कॉलेजातले.

"बाई, आम्ही तुम्हाला सोडणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "मुदतवाढ मंजूर झालीय. एकमताने!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण तिच्या पाया पडायला वाकला, त्याला मी हाताला धरून उठवलं, नाहीतर तिथेच राहिला असता. चौकशी चालू असताना ही निघून गेली असती, तर लोक म्हणाले असते पळाली. राहिली, तर बंद. बक्षीस म्हणून शिक्षा वाढवलेली मी प्रथमच पाहिली. ती म्हणाली, "आभारी आहे," आणि चहा टाकायला आत गेली.

त्या रात्री मी माझ्यापुरता विचार केला. मला काही नियम लागू नाहीत. मी कुणाची बायको नाही, कुणाची अधिकारी नाही. माझं पेन्शन दर महिन्याला येतं, पुऱ्याचं पुरं, आणि का येतं हे पेपरात छापून आलंय. पुढच्या महिन्याला ते आलं तशी निम्मं काढून धाकट्याकडे गेले आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"तुझे."

"ताई, तुझं पेन्शन आहे हे. मी भिकारी झालो का?"

"भिकारी नाही, मूर्ख झालास. ते वेगळं. माझं पेन्शन वाचलं ते कुणीतरी ते रोखे घेतले म्हणून. त्या कुणीतरींत तू एक. तुझा वाटा आहे यात. भूगोलाच्या बाईला एवढा हिशेब येतो."

त्याच्या बायकोने पैसे उचलून कपाटात ठेवले. शहाणी आहे.

"वहिनींनी पाठवलंय?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. या वेळीही ते खरंच होतं, पण या वेळी त्याचा विश्वास बसला नाही. बसू नये, असंच मला वाटलं.

तेव्हापासून दर महिन्याला जाते. भावजयीला मी सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर तिला माहीत होईल, आणि माहीत झालं की कळवावं लागेल. मीही शिकले हो त्यांच्या रीतीभाती.

गेल्या आठवड्यात निघाले तर ती घरीच होती, सुट्टीवर. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार कुणी नीट लावलं नाही तर हलत नाही. ती मागोमाग बाहेर आली. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे तिने बघितलं. पिशवीला बिलगलेल्या माझ्या हाताकडे बघितलं.

"कुठे निघालात, वन्सं?"

"बँकेत ठेव ठेवायला."

तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने आत जाऊन माझी छत्री आणून दिली. ऊन होतं, तरी मी घेतली आणि लिफ्टमध्ये शिरले. मग तिने जाळीचं दार हळूच ओढून लावलं आणि त्या जाळीत बोटं अडकवून उभी राहिली. मी बटण दाबलं नाही. वाटलं, आता बोलेल.

"सावकाश जा," ती म्हणाली.

तिने बोटं काढून घेतली तेव्हा मी बटण दाबलं, लिफ्ट हलली. तिला आणखी एक वर्ष वाढवून मिळालंय.